मुंबई ते लंडन : अंतर किती व वेळ किती ?

विद्यार्थिमित्रांनो, मुंबईहून लंडन किती दूर आहे, असा प्रश्न चार जाणत्या माणसांस विचारून पाहा. एक म्हणेल, साडेचार हजार मैल. दुसरा म्हणेल, सव्वासहा हजार मैल. तिसरा मैलांची भाषाच सोडून देईल व म्हणेल, पावणेनऊ तास. चौथा त्यास हटकून सांगेल कीं, छे, साडेनऊ तासांहून कमी लागतच नाहींत ! ऐकणारा बुचकळ्यांत पडेल. परंतु आमचें म्हणणें असें आहे कीं, हे चौघेही खरें बोलत आहेत. प्रत्येकानें निराळ्या प्रश्नाचें उत्तर दिलें आहे, एवढेंच. अंतर म्हणजे काय, तें कोणत्या वाटेनें मोजावयाचें, आणि अंतरास वेगानें भागिलें म्हणजे वेळ निघतो हा अंकगणितांतील नियम आकाशांत कितपत चालतो, याचा उलगडा या लेखांत करण्याचा आमचा विचार आहे. भूगोल, भूमिति, अंकगणित व पदार्थविज्ञान हे विषय तुम्ही वर्गांत वेगवेगळ्या तासांस शिकतां. या एका प्रश्नांत ते चारही हातांत हात घालून उभे असलेले दिसतील. ज्या पालकांचीं मुलें परदेशीं आहेत किंवा जाणार आहेत, त्यांसही यांत कांहीं उपयोगी सांपडेल अशी आशा आहे.

प्रथम सव्वासहा हजारांचा हिशेब पाहूं. हे मैल समुद्रावरचे आहेत. सागरी मैल जमिनीवरील मैलाहून मोठा असून तो १.८५२ किलोमीटर धरितात. मुंबईहून सुवेझच्या कालव्यांतून लंडनला जाणारा जलमार्ग सुमारें ६,२५० सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ११,६०० किलोमीटर भरतो. हा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं खुला झाला. त्यापूर्वीं जहाजांस सबंध आफ्रिका खंडास वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून यावें लागे. तो मार्ग सुमारें १९,८०० किलोमीटरांचा होता. मुंबईंतील विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन हे १८२८ सालीं याच वाटेनें निघाले व १८२९ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. शिडाच्या जहाजांत बसणाऱ्या माणसानें घरच्यांचा निरोप महिन्यांच्या हिशेबानें घ्यावयाचा, अशी त्या वेळची रीत होती.

वाफेचें यंत्र आलें आणि हा हिशेब पालटूं लागला. 'ह्यू लिंडसे' नांवाची आगबोट २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून निघाली व वाटेंत ठिकठिकाणीं कोळसा भरून घेत तेहतीस दिवसांनीं सुवेझला पोहोंचली. तेथून मिसर देशाची जमीन ओलांडावयाची व भूमध्य समुद्रावर दुसरें जहाज गांठावयाचें, असा हा मार्ग होता. पुढें कालवा झाला, तेव्हां जहाज बदलण्याचीही गरज उरली नाहीं. पंडिता रमाबाई १८८३ सालीं आपल्या लहान कन्येसह इंग्लंडला गेल्या, त्या वेळीं या प्रवासाची गणना महिन्यांवरून आठवड्यांवर आलेली होती. लक्षांत घ्या, या पन्नास-पंचावन्न वर्षांत मुंबई आपल्या जागेवरून हलली नव्हती व लंडनही हललें नव्हतें. वाट बदलली आणि तीबरोबर अंतर ८,००० किलोमीटरांनीं कमी झालें. यावरून पहिला धडा असा निघतो कीं, वाट सांगितल्याशिवाय अंतर सांगणें म्हणजे अर्धेंच उत्तर देणें होय.

आतां साडेचार हजार मैलांकडे वळूं. पृथ्वीच्या पाठीवरून काढतां येईल अशी सर्वांत जवळची वाट कोणती ? याचें उत्तर भिंतीवरील नकाशावर शोधूं नका. वर्गांतील पृथ्वीचा गोल घ्या व एक बारीक दोरा घ्या. दोऱ्याचें एक टोंक मुंबईवर व दुसरें लंडनवर धरून तो ताणून बसवा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत आंखूड वाट धरतो. पृथ्वीच्या केंद्रांतून जाणाऱ्या पातळीनें तिचे बरोबर दोन सारखे भाग केले, तर पृष्ठभागावर जें वर्तुळ उमटतें त्यास बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हें असेंच एक बृहद्वृत्त आहे. तुमचा दोरा अशाच एका वर्तुळाचा तुकडा असतो.

या दोऱ्याखालीं कोणते देश येतात तें पाहिलें म्हणजे पुष्कळांस आश्चर्य वाटतें. मुंबईहून वाट वायव्येस निघते, कराचीजवळून जाते, इराणच्या पूर्व भागांतून वर चढते व कास्पियन समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यास स्पर्श करिते. बरोबर मध्यबिंदु जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी हिच्या थोडा दक्षिणेस, कॉकेशसच्या प्रदेशांत पडतो. तेथून पुढें काळ्या समुद्रावरून क्रिमिया, नंतर युक्रेनचा पश्चिम भाग, जर्मनी, असें करीत दोरा लंडनला पोहोंचतो. अरबस्तान, मिसर, इटली हे जे देश जलमार्गाच्या आठवणीनें आपल्या मनांत येतात, ते सर्व या दोऱ्याच्या डावीकडे, दक्षिणेस राहून जातात.

लांबी मोजण्याची रीतही सोपी आहे. मुंबईचा विमानतळ १९ अंश उत्तर अक्षांश व ७३ अंश पूर्व रेखांश यांच्या जवळ आहे. लंडनचा हीथ्रो विमानतळ साडेएक्कावन्न अंश उत्तर अक्षांशावर व ग्रिनिचच्या किंचित् पश्चिमेस आहे. दोन्ही ठिकाणांहून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत रेघा ओढल्या, तर त्यांमध्यें होणारा कोन त्रिकोणमितीनें सुमारें ६४ अंश ५२ कला निघतो. बृहद्वृत्ताच्या एका अंशांत साठ कला असतात, व एक कला म्हणजे एक सागरी मैल. म्हणून ६४ ला ६० नीं गुणावें व ५२ मिळवावे : ३,८९२ सागरी मैल. यांचे किलोमीटर सुमारें ७,२०० व जमिनीवरील मैल सुमारें ४,४८० होतात. सागरी मैलाचें माप असें विचित्र कां, असें ज्यांस वाटलें असेल, त्यांस त्याचें मर्म येथें उमगेल. तें माप पृथ्वीच्या गोलावरूनच घेतलेलें आहे.

मग सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारिली तर काय बिघडेल ? शाळांतून बहुधा टांगलेला असतो तो नकाशा गेरार्ड मर्केटर यानें १५६९ सालीं काढिलेल्या नमुन्याचा असतो. गोलाची साल सोलून ती सपाट फळीवर ताणून बसविली, तर कोठें तरी ती ओढली जाणारच. मर्केटरच्या नकाशांत उत्तरेकडील प्रदेश फार पसरट दिसतात. त्यावर मुंबई-लंडन अशी सरळ रेघ ओढिली, तर तिचा मध्य कॉकेशसमध्यें न येतां त्याच्या बराच दक्षिणेस येतो, आणि त्या वाटेनें गेल्यास सुमारें २०० किलोमीटर अधिक चालावें लागतें. नकाशावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षांत वांकडी असते, व वांकडी दिसणारी सरळ असते.

तथापि विमानें दोऱ्याच्या वाटेनेंच जातात असेंही समजूं नये. समुद्र कोणाच्या मालकीचा नाहीं, पण जमिनीवरील आकाशास धनी आहे. १९४४ सालीं शिकागो येथें अनेक राष्ट्रांनीं मिळून जो करार केला, त्याच्या पहिल्याच कलमांत प्रत्येक राष्ट्राचा आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण हक्क मान्य केलेला आहे. म्हणून ज्या देशावरून जावयाचें त्याची अनुमति लागते, व देशांदेशांत वैर उत्पन्न झालें म्हणजे त्याचा पहिला परिणाम आकाशमार्गावर दिसतो. २४ फेब्रुवारी १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२२ सालच्या त्याच तारखेस युक्रेनमध्यें युद्ध पेटलें व त्या देशाचें आकाश प्रवासी विमानांस बंद झालें. २०२५ च्या एप्रिल महिन्यांत पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, व भारतानेंही पाकिस्तानी विमानांस तेंच केलें. आमच्या दोऱ्यावर कराची व युक्रेन हीं दोन्ही ठिकाणें आहेत, हें तुमच्या ध्यानांत आलेंच असेल. अशा वेळीं विमानास वळसा घ्यावा लागतो व वाट चारशें-पांचशें किलोमीटरांनीं सहज वाढते. भूमितीची सरळ रेघ माणसांच्या भांडणांनीं वांकडी होते ती अशी.

विमानमार्गाचा इतिहासही थोडक्यांत सांगितला पाहिजे. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनें ३० मार्च १९२९ रोजीं लंडन ते कराची अशी टपालाची व उतारूंची वाहतूक सुरू केली. त्या वेळीं लंडनजवळच्या क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमानानें, तेथून जिनोआपर्यंत आगगाडीनें, पुढें अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणाऱ्या विमानानें आणि शेवटीं इराक व इराणी आखातावरून कराचीपर्यंत पुन्हां विमानानें, असा हा सात दिवसांचा मिश्र प्रवास होता. कराचीस आलेलें टपाल पुढें मुंबईस विमानानें आणण्याचा उपक्रम श्री. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं केला. 'पस मॉथ' जातीचें एक लहानसें विमान स्वतः चालवीत, अहमदाबादेस थांबून, ते जुहू येथें उतरले. स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून निघून कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनला गेलें. याच विमानाचा ३ नोव्हेंबर १९५० रोजीं आल्प्स पर्वतांतील माँ ब्लाँ शिखरावर आदळून चुराडा झाला व त्यांतील सर्व ४८ माणसें मृत्यु पावलीं. आज आपण सहज बोलतों त्या नऊ-दहा तासांच्या पाठीमागें अशा बळींची एक मालिका उभी आहे, हें विसरतां कामा नये.

१९६० सालीं बोइंग ७०७ हें जेट विमान भारताच्या या मार्गावर आलें व वेग एकदम ताशीं ९०० किलोमीटरांच्या घरांत गेला. मौज ही कीं, त्यानंतर साठांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी सामान्य प्रवासी विमानाचा वेग जवळजवळ तेथेंच आहे. ध्वनीहून अधिक वेगानें जाणारें कॉंकॉर्ड विमान २१ जानेवारी १९७६ पासून प्रवासी नेऊं लागलें. त्या दिवशीं लंडनहून निघालेलें विमान बहारीनला गेलें. परंतु त्यास तेल फार लागे, आवाज फार होई व तिकिटाची किंमत थोड्यांसच परवडे. २००३ सालीं तीं विमानें बंद झालीं. पूर्वींच्या मानानें आज वेळ वांचतो तो मुख्यतः वाटेंत थांबावें लागत नाहीं म्हणून.

आतां वेळेचा हिशेब मांडूं. ७,२०० ला ९०० नीं भागिलें तर बरोबर आठ तास येतात. मग पावणेनऊ व साडेनऊ या गोष्टी कोठून आल्या, आणि जातांना एक व येतांना दुसरा असा भेद कां ? पुष्कळ मुलें झटकन् उत्तर देतात कीं, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेस जाणाऱ्या विमानाकडे लंडन आपण होऊन येतें. हें उत्तर दिसण्यांत सुंदर आहे, पण साफ चुकीचें आहे. तसें असतें तर जातांना वेळ कमी लागला असता. प्रत्यक्षांत तो अधिक लागतो. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशीं सुमारें १,५८० किलोमीटर वेगानें पूर्वेस फिरत असते हें खरें. पण तिजबरोबर हवाही फिरत असते आणि त्या हवेंत तरंगणारें विमानही. धांवत्या आगगाडीच्या डब्यांत एखादी माशी पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर जाते, तेव्हां डब्याचा वेग तिच्या आड येत नाहीं, तसेंच हें आहे.

खरें कारण वारा होय. विमानाचा जो वेग आपण सांगतों तो भोंवतालच्या हवेशीं मोजलेला असतो, जमिनीशीं नव्हे. नदींत नाव वल्हविणाऱ्यास हें सांगावें लागत नाहीं. प्रवाहाबरोबर जातांना तीर झपाट्यानें मागें पडतो व प्रवाहाविरुद्ध जातांना हात दुखून येतात तरी तीर सरकत नाहीं. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे प्रचंड ओघ आहेत. त्यांस जेट प्रवाह अथवा झोतवारे म्हणतात. विषुववृत्ताकडील हवा तापलेली व ध्रुवांकडील थंड, या भेदामुळें हवा उत्तरेकडे ओढली जाते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळें ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे, वळते. हिवाळ्यांत हा भेद वाढतो, म्हणून झोतवारेही तेव्हां प्रबळ होतात. जपानांतील तातेनो वेधशाळेचे वासाबुरो ओईशी यांनीं लहान फुगे सोडून या वाऱ्यांचे वेध घेतले व १९२६ सालीं ते प्रसिद्ध केले. परंतु त्यांनीं आपला अहवाल एस्पेरांतो या नवीन रचलेल्या भाषेंत लिहिला होता. बाहेरच्या जगाचें त्याकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत उंचावरून जाणाऱ्या वैमानिकांस हे वारे प्रत्यक्ष भेटले, तेव्हां कोठें त्यांचा बोलबाला झाला.

या वाऱ्याचें बळ किती असावें ? फेब्रुवारी २०२० मध्यें एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत आलें. एरवीं त्या प्रवासास सहा-सात तास लागतात. जमिनीच्या मानानें त्या विमानाचा वेग कांहीं काळ ताशीं १,३०० किलोमीटरांवर गेला होता. परंतु हवेच्या मानानें तें नेहमींच्याच चालीनें चाललें होतें. वाऱ्यानें त्यास खांद्यावर घेतलें होतें, असें म्हणा. वारा प्रतिकूल झाला म्हणजे काय होतें याचें वर्णन शास्त्रांत आपण वाचलेंच आहे. प्रेषित पौल रोमला जात असतां वादळानें त्याचें जहाज चौदा दिवस भरकटविलें व शेवटीं माल्टा बेटापाशीं तें फुटलें. त्यांतील २७६ माणसें मात्र सुखरूप किनाऱ्यास लागलीं. साधनें बदललीं; वाऱ्याचा अधिकार गेला नाहीं.

एक उदाहरण सोडवूं. वळसे धरून वाट ७,६०० किलोमीटर समजा, विमानाचा हवेंतील वेग ताशीं ९०० आणि पश्चिमेचा वारा वाटेच्या दिशेनें सरासरी ताशीं ५० किलोमीटर. लंडनला जातांना वारा समोरून. म्हणून जमिनीवरील वेग ८५०. भागाकार ८ तास ५६ मिनिटे. परत येतांना वारा पाठीमागून, वेग ९५०. भागाकार बरोबर ८ तास. यांत विमान धक्क्यापासून निघून धांवपट्टीवर जाण्यास, उंची गांठण्यास, उतरण्यास व पुन्हां धक्क्यास लागण्यास मिळून पाऊण तास जादा धरावा. जातांना ९ तास ४१ मिनिटे व येतांना ८ तास ४५ मिनिटे झालीं. आरंभींचे तिसरे व चौथे गृहस्थ दोघेही खरे ठरले. एक परतीची गोष्ट सांगत होता, दुसरा जाण्याची. लंडनचा विमानतळ अतिशय गजबजलेला असल्यामुळें उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानास कधीं कधीं वर घिरट्या घालाव्या लागतात, तो काळ निराळाच.

येथें हुशार विद्यार्थी विचारील कीं, जातांना वाऱ्यानें जितकें नेलें तितकें येतांना परत दिलें ना ? नाहीं. वारा मुळींच नसता, तर दोन्ही खेपांस मिळून १६ तास ५३ मिनिटे लागलीं असतीं. वारा असतांना १६ तास ५६ मिनिटे लागलीं. तीन मिनिटे कोठें गेलीं ? कारण असें कीं, प्रतिकूल वाऱ्यांत आपण अधिक वेळ घालवितों व अनुकूल वाऱ्यांत कमी. म्हणून नुकसान अधिक काळ चालतें व लाभ थोडा काळ. वारा ताशीं १०० धरून हेंच उदाहरण घरीं सोडवा. तूट किती वाढते तें पाहा.

यानंतर घड्याळाची गंमत. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासांत १५ अंश, व एका अंशास चार मिनिटे. मुंबईचे रेखांश सुमारें ७२ अंश ५० कला. यास चारांनीं गुणिलें म्हणजे ४ तास ५१ मिनिटे येतात. मुंबईची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढें बरोबर इतकी होती. १९०६ सालीं साडेब्यायशीं अंश रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें आहे. मुंबईनें मात्र आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत टिकविली. इंग्लंडांत मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत घड्याळें एक तास पुढें असतात, म्हणून त्या काळांत आपला व त्यांचा फरक साडेचारच तासांचा राहतो.

हिवाळ्यांत सकाळीं सातला मुंबईहून निघालें तर ९ तास ४१ मिनिटांनीं येथें दुपारचे ४ वाजून ४१ मिनिटे झालेलीं असतील. पण लंडनच्या घड्याळांत तेव्हां सकाळचे ११ वाजून ११ मिनिटे असतील. तिकीट पाहून एखाद्यास वाटेल कीं, प्रवास चार तास अकरा मिनिटांचा झाला. उलट, लंडनहून रात्रीं नऊला निघालें तर मुंबईस दुसऱ्या दिवशीं सकाळीं सव्वाअकराला पोहोंचतां. घड्याळावरून चौदा तास पंधरा मिनिटे. आतां हे दोन खोटे आंकडे एकत्र मिळवा : १८ तास २६ मिनिटे. खरे आंकडे मिळवा : ९.४१ आणि ८.४५, तेही १८ तास २६ मिनिटेच ! एका बाजूस घड्याळानें साडेपांच तास चोरले, दुसऱ्या बाजूस तितकेच परत केले. बेरीज शुद्ध राहिली. शरीर मात्र असें चटकन् हिशेब जुळवीत नाहीं. झोंप व भूक कांहीं दिवस मुंबईच्याच घड्याळाप्रमाणें येत राहतात. म्हणून परदेशीं पोहोंचलेल्या मुलाचा पहिल्या दोन-तीन दिवसांत आवाज थकलेला लागला, तर आईबापांनीं लगेच काळजींत पडूं नये.

हे सारे हिशेब केवळ कुतूहलाचे नाहींत. त्यांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. विमानांत तेल किती घ्यावयाचें हें याच अंतरावरून, वाऱ्यावरून व वेळेवरून ठरतें. कमी घेतलें तर वाटेंत संपेल. फार घेतलें तर तें वाहून नेण्यासच आणखी तेल जळेल. म्हणून वाटेपुरतें तेल, वारा बदलल्यास लागणारें तेल, ठरल्या ठिकाणीं उतरतां न आल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंतचें तेल, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतें तेल, असा चौपदरी हिशेब करितात. २३ जुलै १९८३ रोजीं कॅनडा देशांत माँट्रिऑलहून एडमंटनला निघालेल्या एका विमानांत तेल मोजतांना किलोग्रॅमच्या ठिकाणीं पौंडाचा गुणक वापरला गेला. लिटरला ०.८ नीं गुणावयाचें तेथें १.७७ नीं गुणिलें, व कागदावर पुरेसें दिसणारें तेल टांकींत निम्म्याहून कमी भरलें. विमान एक्केचाळीस हजार फूट उंचीवर असतांना दोन्ही यंत्रें एकामागून एक बंद पडलीं. वैमानिकांनीं विलक्षण धैर्यानें तें घारीप्रमाणें तरंगत गिमली येथील जुन्या धांवपट्टीवर उतरविलें, व ६९ माणसें वांचलीं. गणिताच्या वहींत 'एकक लिहा' असें शिक्षक तांबड्या शाईनें लिहितात, तें जाच म्हणून नव्हे, हें या गोष्टीवरून समजावें.

आणखी एक हिशेब आहे. तो तिकिटावर छापलेला नसतो. आजचें मोठें विमान ताशीं सुमारें पांच-सहा टन तेल जाळतें, म्हणजे लंडनपर्यंत जवळजवळ पन्नास टन. एक किलो तेल जळलें म्हणजे सुमारें ३.१६ किलो कर्बवायु हवेंत जातो. कारण तेलांतील कर्बास हवेंतील प्राणवायु येऊन मिळतो. पन्नास टनांचे दीडशेंहून अधिक टन झाले. अडीचशें उतारू असतील तर प्रत्येकाच्या वांट्यास सहाशें किलोहून अधिक येतात. हा वायु पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. प्रवास करूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो लाभ आपण घेतों त्याची किंमत कोण देतें, हें सुशिक्षित माणसास ठाऊक असलें पाहिजे.

सारांश, मुंबई ते लंडन हें अंतर बृहद्वृत्तानें ७,२०० किलोमीटर, समुद्रानें ११,६०० किलोमीटर, जातांना सुमारें साडेनऊ ते दहा तास, येतांना पावणेनऊ ते नऊ तास. उत्तर देण्यापूर्वीं 'कोणत्या वाटेनें ? कोणत्या दिशेस ? कोणाच्या घड्याळाप्रमाणें ?' असे तीन प्रश्न विचारण्याची संवय विद्यार्थ्यांनीं लावून घ्यावी. ती या विषयापुरतीच नव्हे, पुढें आयुष्यांतही उपयोगीं पडेल. कारण दोन प्रामाणिक माणसांतील पुष्कळसे वाद हे दोघेही खरे असून प्रश्न निराळा असल्यामुळें होतात.

पालकांस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, डॉ. विल्सन यांच्या काळीं घरच्या पत्राचें उत्तर हातीं येण्यास वर्षाच्या आसपास लागत असे; आज तुमचा मुलगा अथवा मुलगी सकाळीं येथें न्याहरी करून त्याच दिवशीं तेथें भोजनास बसते. दूर गेलेल्या लेकरास परत येण्यास एक रात्र पुरते. मात्र ज्यांनीं वाट आंखली, वारे मोजले, तेलाचा हिशेब चोख ठेविला आणि प्रसंगीं प्राणही दिले, अशा अनेकांच्या श्रमांवरून ती वाट जाते. मुलांनो, अशा माणसांत उद्यां तुमचीही गणना व्हावी. त्याचा आरंभ आजच्या भूगोलाच्या तासास, त्या गोलावर ताणलेल्या दोऱ्यापासून करा.